कर्व्यांना मत कोण देणार?

शालेय वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जायची सवय मला शाळेत मराठी शिकवताना लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, जिथून बोलावणं येईल तिथे जाते. विषयांच्या यादीत एक ठरलेला असतो : ‘इतिहासातील सर्वांत प्रभावी विचारवंत’. वेळ पाच मिनिटं, घंटा झाली की खाली बसायचं.

स्पर्धकाचं घर कुठलं ते कळलं, तर नाव मी भाषणाआधीच सांगू शकते. घाटकोपर पूर्वेच्या गुजराती घरातली मुलगी गांधीजींवर बोलणार. मुलुंडचा मुलगा विवेकानंदांवर, नाहीतर सावरकरांवर. अंधेरीच्या इंटरनॅशनल शाळेतला आइनस्टाइनवर. या हिशेबाला चकवणारं मूल भेटलं तर मी त्याला दोन गुण वाढवून देते. आयोजकांनी हे वाचलं नाही म्हणजे बरं. मुलांना दोष नाही. घरातल्या भिंतीवर जी तसबीर असते तीच व्यासपीठावर येते.

मोठी माणसं तरी वेगळं काय करतात? १९७८ साली मायकेल हार्ट या अमेरिकन लेखकानं जगातल्या शंभर प्रभावी व्यक्तींची उतरंड लावली. पैगंबर मुहंमद पहिले, न्यूटन दुसरा, कागद तयार करणारा चिनी त्साय लुन सातवा. गांधीजी शंभरात नाहीतच. १९९९ मध्ये बीबीसीनं सहस्रकातला सर्वांत मोठा विचारवंत निवडण्यासाठी लोकांचा कौल घेतला, त्यात कार्ल मार्क्स पहिला आला. सोव्हिएत संघ मोडून तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. आपल्याकडे २०१२ साली ‘गांधीजींनंतरचा सर्वांत महान भारतीय’ निवडला गेला, म्हणजे गांधीजींना आधीच स्पर्धेबाहेर बसवून. बाबासाहेब आंबेडकर पहिले आले. पहिल्या दहांत सचिन तेंडुलकर आणि लता मंगेशकरही होते. अशा कौलांतून विचारवंतांबद्दल थोडं कळतं, मतदारांबद्दल पुष्कळ.

एका ठिकाणी मात्र माझी ही थट्टा थांबते. घाटकोपरला हायवेलगत माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ ला सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. त्या वस्तीतलं मूल स्पर्धेत बाबासाहेबांचं नाव घेतं, तेव्हा ते पाठ केलेलं उत्तर नसतं. तिथे विचारानं माणसांना ताठ उभं राहायला शिकवलं, आणि त्याची किंमतही वस्तीनं मोजली. असा पुरावा मागून मिळत नाही.

पण बाबासाहेबांचं नाव आणि विचार एकत्र चालत आले. प्रभावाची दुसरीही एक जात आहे. ज्यानं विचारवंताचं नावही ऐकलेलं नाही, तो त्याच्या विचारासारखा जगायला लागतो. तिथे तसबीर नसते, जयंती नसते, चौकाला नाव नसतं. माझं मत त्या जातीतल्या एकाला आहे : रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा, गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. मेरी स्टोप्सचा लंडनमधला दवाखाना त्याच वर्षीचा. म्हणजे आपण यात लंडनच्या मागे नव्हतो. या उद्योगापायी विल्सन कॉलेजची नोकरी सुटली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचक मूठभर, शिव्या मुबलक. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेबच. खटला हरले. चार वर्षांनी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तोही पडला. गांधीजी कृत्रिम साधनांच्या पूर्ण विरोधात होते. १९३५ च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटल्या, पण त्यांचं मत हललं नाही. कौल जिंकणारा, कौलाबाहेर ठेवलेला, दोघेही या वादात होते. ज्यानं वाद पेटवला त्याचं नाव मात्र कुठल्याच यादीत नाही.

माझ्या आजीची राजापूरकडे नऊ बाळंतपणं झाली, पाच मुलं जगली. आईला आम्ही तिघं. मला एकच मुलगी. आजीनं कर्व्यांचं नाव ऐकलं असण्याची शक्यता शून्य, आईनं ऐकलं ते ‘ध्यासपर्व’ सिनेमामुळे, तोही माझ्या आग्रहावरून पाहिला तेव्हा. पण मुलुंडहून सकाळी बायकांच्या डब्यात चढणाऱ्या माझ्या पिढीचं आयुष्य उभं राहिलं ते मुलं किती आणि कधी हे ठरवता आलं म्हणून. नोकरी, पीएफ, स्वतःच्या नावावरचा वन बीएचके, सगळं त्याच्यानंतर.

यावर माझा भाचा म्हणतो, “मावशी, हे कर्व्यांशिवायही झालंच असतं.” तो सांख्यिकी शिकलेला आहे, त्याच्याशी जपून बोलावं लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ मुलं आणि देशाचा २. ‘समाजस्वास्थ्य’चा अंक कधी पोचला नाही अशा राज्यांतही पाळणे कमी झालेच. जगणारी मुलं वाढली, मुली शिकल्या, जागा महागल्या, १९५२ पासून सरकारनं कार्यक्रम राबवला. हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. पण साधन पोचलं आणि विचार पोचला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाच्याच्या आकड्यांतच ते दिसतं.

सरकारला काळजी होती लोकसंख्येची. कर्व्यांना काळजी होती बाईची. तिचं शरीर तिचं, तिला सुखाचाही हक्क आहे आणि मूल नको म्हणायचाही, हा त्यांचा मुद्दा. देशाच्या अन्नधान्याचा हिशेब त्यात दुय्यम. सरकारनं तांबी, गोळ्या, शस्त्रक्रिया उचलल्या आणि हा मुद्दा वगळला. आणीबाणीत सक्तीची नसबंदी झाली ती प्रामुख्यानं पुरुषांची. त्याचा राग मतपेटीत उतरला, तेव्हापासून कुठल्याही पक्षाला पुरुषाकडे बोट दाखवायची हिंमत झाली नाही. सगळा भार बाईवर आला. त्याच पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांत बाईनं शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे. पुरुषानं करून घेतल्याचं प्रमाण ०.३ टक्के, आणि दोघांत सोपी शस्त्रक्रिया पुरुषाची.

म्हणून मी मत देते ते अर्धं जिंकलेल्या विचारवंताला, हे मला ठाऊक आहे. कोणी महात्मा फुल्यांचं नाव पुढे करील, तर मी भांडणार नाही; मी मुलींच्या वर्गावर आयुष्यभर शिकवू शकले ते त्यांच्या आणि सावित्रीबाईंच्या जिवावर. पण फुल्यांना मतं देणारे पुष्कळ आहेत. कर्व्यांच्या उरलेल्या अर्ध्याला कोणी वालीच नाही.

तो अर्धा कुठे अडलाय ते ऐकायचं असेल तर सकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात बसा. दुसरं बाळंतपण झालेली बाई सांगते, ऑपरेशन मीच करून घेतलं, ह्यांना जड कामं असतात ना. ह्यांचं जड काम म्हणजे अंधेरीच्या एसी ऑफिसात दिवसभर संगणकासमोर खुर्चीत बसणं. ‘समाजस्वास्थ्य’ आज निघत असतं, तर या एका वाक्यावर कर्व्यांनी अख्खा अंक खर्ची घातला असता, आणि पुन्हा एक खटला ओढवून घेतला असता.