मिठाची चिमूट आणि संकटाची गोळी

इ. स. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यापासून डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांची धरणी जी हालूं लागली, तिची आठवण आमच्या वाचकांस करून देण्याची आवश्यकता नाहीं. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांतील माणसें ऐन थंडींत घरें सोडून कोणी तंबूंत, कोणी उघड्या अंगणांत निजूं लागलीं. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं चारांहून किंचित् अधिक प्रतीचा धक्का बसला, आणि त्या धांदलींत बाहेर पळतांना पडून दोन वर्षांची एक बालिका प्राणास मुकली. त्याच दिवसांत एका लहान विद्यार्थ्यानें मला वर्गांत विचारिलें, “गुरुजी, जमीन अशीच हालत राहिली तर तारापूरचें काय होईल? तेव्हां आम्हीं काय करावें?” मीं त्यास धीर दिला, व भूमितीचा राहिलेला सिद्धांत पुढें चालविला. तें उत्तर माझ्याकडे थकलेलें आहे, आणि आतां तें फेडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम भीतीचें माप घेऊं. तारापूरचें अणुविद्युत्केंद्र १९६९ सालापासून आपल्या शेजारीं आहे. डहाणू तालुक्यांतील चिंचणी तर त्याच्या अगदीं जवळ. डहाणू गांव सरळ रेषेनें पांचसहा कोसांवर, व तलासरी त्याच्याहि बरीच पलीकडे. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत फुकुशिमा येथें जो अनर्थ ओढवला, त्याच्या मुळाशीं असलेला भूकंप नऊ प्रतीचा होता. भूकंपाची प्रत एका अंकानें वाढली म्हणजे त्यांतून सुटणारी शक्ति सुमारें बत्तीसपट होते; चारापासून नवापर्यंत पांच पायऱ्या चढतां चढतां ती तीन कोटींहून अधिक पट होते. शिवाय तेथील चालू अणुभट्ट्या धक्क्यासरशीं आपोआप बंद झाल्याच होत्या. घात केला तो मागून आलेल्या समुद्राच्या लाटेनें. भट्ट्या थंड ठेवणारें पाणी खेळविण्यासाठीं जीं वीजयंत्रें राखून ठेविलीं होतीं, तीं तिनें बुडविलीं. तेव्हां आपल्याकडे भांडीं खणखणलीं कीं तारापूर फुटलें, असें बोलून मुलांस भेडसाविणें योग्य नव्हे. परंतु अणुकेंद्राच्या शेजारीं राहणारांनीं त्याविषयीं कांहींच जाणूं नये, हेंहि शहाणपणाचें नाहीं. अशा केंद्राभोंवतीं सुमारें १६ किलोमीटरांचा टापू संकटकालीन योजनेसाठीं सरकार स्वतःच आंखून ठेवतें, तें कांहीं उगाच नव्हे.

या संकटाचा विषय निघाला म्हणजे ‘आयोडिन’ हा शब्द हटकून कानीं पडतो. बहुतेकांस तें जखमेवर लावावयाचें तांबूस औषध म्हणून ठाऊक असतें. १८११ सालीं बर्नार कुर्त्वा नांवाच्या फ्रेंच गृहस्थास समुद्रांतील शेवाळाच्या राखेंत तें प्रथम सांपडलें. त्याची वाफ जांभळी, म्हणून ग्रीक भाषेंतील जांभळ्या रंगाच्या शब्दावरून त्यास हें नांव मिळालें. आपल्या कंठांत, घांटीच्या जरा खालीं, फुलपांखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, तिला थायरॉईड म्हणतात. ही ग्रंथी आयोडिनापासून जो रस तयार करिते, त्यावर मुलाची वाढ, अंगाची ऊब, हृदयाची गति, फार काय, गर्भांतील बालकाच्या मेंदूची घडण अवलंबून असते. आयोडिन मिळेनासें झालें म्हणजे आहे तेवढें गोळा करण्याच्या खटपटींत ती फुगते, तोच गलगंड. गलगंड निदान डोळ्यांस दिसतो. परंतु आईच्या उदरांत आयोडिनावांचून वाढलेल्या मुलाची जी बुद्धि मागें राहते, ती कोणास दिसत नाहीं. लोक म्हणतात, पोर अभ्यासांत कच्चें आहे. शिक्षकहि तसेंच म्हणतात, आणि शिक्षेचा उपाय करूं पाहतात!

गरज तरी किती? मोठ्या माणसास दिवसास १५० मायक्रोग्रॅम, सहा ते बारा वर्षांच्या मुलास १२०, व गर्भवतीस २५०. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सत्तर वर्षांच्या आयुष्यांत लागणारें सगळें आयोडिन एकत्र केलें तरी तें एका लहान चमच्यांत मावेल. पण एकदांच खाऊन तें जन्मभर पुरत नाहीं. रोज थोडें थोडें पोटांत जावें लागतें. गरीब, श्रीमंत, सर्वांच्या अन्नांत रोज पडणारा पदार्थ एकच, तो मीठ. म्हणून मिठांतूनच तें देण्याची युक्ति निघाली, व स्वित्झर्लंडांत १९२२ सालीं ती अमलांत येऊं लागली. आपल्या देशांत डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनीं १९५६ पासून हिमालयाच्या पायथ्याशीं कांगड्याच्या खोऱ्यांत सुमारें एक लाख वस्तीमध्यें हिचा प्रयोग केला. ज्या भागांस आयोडिनयुक्त मीठ पुरविलें, तेथें कांहीं वर्षांतच मुलांचे गलगंड ओसरूं लागले. त्या पुराव्याच्या बळावर १९६२ सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठीं साधें मीठ विकण्यास पुढें बंदी झाली, २००० सालीं ती उठली, आणि २००६ च्या मे महिन्यांत पुन्हां बसली. गिऱ्हाइकाच्या हातीं पडतांना एका किलो मिठांत निदान १५ मिलिग्रॅम आयोडिन असावें, असा आज नियम आहे.

यावर किनाऱ्याकडील पालक विचारतात, आम्ही समुद्राचे शेजारी, आम्हांस काय उणें? मासळींत आयोडिन असतें हें खरें. पण समुद्राचें पाणी वाळवून जें मीठ होतें, त्यांत तें जवळजवळ नसतेंच. तेव्हां मिठागरांतून आणलेलें खडे मीठ कितीहि स्वच्छ असलें तरी तें या कामीं निरुपयोगी. आमच्या डोंगराकडील पाड्यांत तर मासळीहि रोजची नाहीं. बाजारांतून सुटें खडे मीठ आणावयाचें, तें धुवून घ्यावयाचें, आणि चुलीशेजारच्या उघड्या मडक्यांत ठेवावयाचें, ही जुनी रीत. बोंबील, सुकट यांस लावण्यासाठीं तें मीठ अवश्य वापरावें. पण आमटींत पडणारें मीठ आयोडिनाचेंच असावें, तें धुवूं नये, व झांकणाच्या बरणींत ओल लागणार नाहीं असें ठेवावें. आमटी चुलीवरून उतरतांना मीठ घातलें तर आयोडिन अधिक टिकतें. अलीकडे शहरांत शिकलेलीं माणसें गुलाबी सैंधवास ‘नैसर्गिक’ म्हणून डोक्यावर घेऊं लागलीं आहेत. त्यांत बहुधा आयोडिन घातलेलें नसतें. पूर्वजांचें खडे मीठ टाकून पुन्हां तसल्याच उणिवेस चौपट किंमत देणें, यास प्रगति म्हणवत नाहीं. मात्र आयोडिनाच्या निमित्तानें मीठ जास्त खाऊं नये. रक्तदाबाचें दुखणें त्याच मार्गानें येतें. थायरॉईडचा प्रत्येक विकार आयोडिनाच्या उणिवेचाच असतो असेंहि नाहीं. ज्या माउलीस डॉक्टरांनीं रोजची गोळी दिली आहे, तिनें हा लेख ऐकून ती बंद करूं नये.

आतां संकटाची गोळी. अणुभट्टींत एक किरणोत्सर्गी आयोडिन उत्पन्न होतें. अपघातांत तें हवेंत सुटलें, तर श्वासांतून, आणि गवतावर पडून गाईच्या दुधांतून शरीरांत शिरतें. बिचाऱ्या थायरॉईडला चांगलें कोणतें व घातक कोणतें हें ओळखतां येत नाहीं. दोन्ही ती सारख्याच आवडीनें घेते. घातक आयोडिनाचें बळ दर आठ दिवसांनीं निम्में होत जातें, पण तेवढ्या अवधींत लहान मुलाच्या ग्रंथीस जें व्हावयाचें तें होऊन जातें. २६ एप्रिल १९८६ रोजीं चेर्नोबिल येथील भट्टी फुटली, तेव्हां त्या भागांतील मुलें कोणीं न सांगितल्यामुळें तेंच दूध पीत राहिलीं, व पुढील वर्षांत त्यांच्यापैकीं हजारों मुलांस या ग्रंथीचा कर्करोग झाला. शेजारच्या पोलंड देशानें मात्र कांहीं दिवसांतच एक कोटींहून अधिक मुलांस आयोडिनाचें औषध पाजलें. पंक्तींत पोटभर जेवलेला पाहुणा पानावर आडवा हात धरतो, त्याप्रमाणें चांगल्या आयोडिनानें भरलेली ग्रंथी घातक आयोडिनास आंत घेत नाहीं. एवढेंच या गोळीचें रहस्य.

ही पोटॅशियम आयोडाइडची गोळी मोठ्या माणसास १३० मिलिग्रॅमची. तीन ते बारा वर्षांच्या मुलास तिच्या निम्मी, त्याहून लहानास पाव, व महिन्याच्या आंतील अर्भकास अष्टमांश. मुलें, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता यांचा हक्क पहिला. चाळिशी उलटलेल्यांस तिचा लाभ थोडा. घातक हवा येण्याच्या आधींच्या चोवीस तासांत, किंवा आल्यावर दोन तासांच्या आंत ती घेतली तर उत्तम. आठ तासांपर्यंतहि कांहीं उपयोग होतो. दिवस उलटल्यावर घेतली तर हितापेक्षां अहितच अधिक. शिवाय ती राखते ती केवळ या एका ग्रंथीस, आणि तेंहि केवळ या एका विषापासून. घराचीं दारें लावून आंत बसणें, सांगितलें असतां गांव सोडणें, बाहेरचें दूध व भाजी वर्ज्य करणें, हीं कामें गोळी करीत नाहीं. हा हिशेब पाहिल्यावर स्पष्ट होतें कीं, ती आज्ञा झाल्यावर घ्यावयाची वस्तु आहे. मोबाइलवर कोणाचा निरोप आला म्हणून घ्यावयाची नव्हे. एका गोळींत सुमारें १०० मिलिग्रॅम आयोडिन असतें, म्हणजे पावणेदोन वर्षांहून अधिक काळाचा आपला शिधा एका घोटांत! ज्यांस थायरॉईडचा विकार आहे त्यांस ती बाधूंहि शकते. एका पालकांनीं मला विचारिलें कीं, टिंक्चर आयोडिनाचे चार थेंब पाण्यांतून द्यावे काय? कदापि देऊं नये. तें पोटांत घेण्याचें औषधच नव्हे.

तशीच एक चूक २०११ सालीं चीन देशांतील लोकांनीं केली. फुकुशिमाची वार्ता ऐकतांच त्यांनीं आयोडिनयुक्त मिठासाठीं दुकानांपुढें रांगा लाविल्या, व कित्येक ठिकाणीं मीठ संपून गेलें. आपल्या नियमाच्या मिठांतून एका गोळीएवढें आयोडिन मिळवावयाचें तर साडेसहा किलोंहून अधिक मीठ एका दिवसांत खावें लागेल. गणिताच्या शिक्षकांनीं हें उदाहरण सातवीच्या मुलांस अवश्य घालावें.

मग रोजच्या मिठाचा संकटाशीं कांहींच संबंध नाहीं काय? आहे, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चेर्नोबिलच्या भोंवतालच्या प्रदेशांत पुष्कळ मुलांस आधींपासूनच आयोडिन कमी पडत होतें. भुकेल्या ग्रंथीनें घातक आयोडिनहि अधिक अधाशीपणानें ओढून घेतलें, व त्या मुलांस कर्करोगाचा धोका अधिक झाला. म्हणजे मीठ गोळीचें काम करीत नाहीं हें खरें, पण वर्षानुवर्षें चांगलें मीठ खाल्लेलें मूल संकटाच्या दिवशीं उपाशी ग्रंथी घेऊन उभें राहत नाहीं. संकट कधींच न आलें, आणि तेंच अधिक संभवनीय आहे, तरी त्या मुलाची उंची व बुद्धि वाढलेली असतेच. गोळी सरकारनें द्यावयाची; मीठ प्रत्येक घरानें आणावयाचें. आपल्याकडे गोळीची चर्चा फार होते, आणि मिठाची मुळींच होत नाहीं, याचें मला वाईट वाटतें.

सरकारच्या वांट्याचें बोलावयाचें तर माझें मत स्पष्ट आहे. संकटाची योजना कपाटांतील कागदांत राहून भागत नाहीं. गोळ्या कोणत्या दवाखान्यांत आहेत, त्या पाड्यावर कोण आणून देणार, रात्रीची वेळ असली तर सूचना कशी पोंचणार, हें लोकांस शांततेच्या दिवसांत, शाळांमधून, आणि वारली बोलींतहि सांगितलें पाहिजे. चेर्नोबिलच्या आसपास दूध पिणाऱ्या मुलांचें नुकसान जितकें अपघातानें झालें, तितकेंच मौनानें झालें. लोक घाबरतील म्हणून सांगावयाचें नाहीं, ही सबब मला पटत नाहीं. तंबूंत रात्री काढलेले आपले लोक ऐकीव गोष्टींनीं जितके घाबरले, तितके खऱ्या माहितीनें घाबरलेले मीं पाहिले नाहींत.

आपल्या वांट्याचें काम मात्र कोणाची वाट न पाहतां करतां येईल. २१ ऑक्टोबर हा आयोडिनाच्या उणिवेविरुद्ध पाळला जाणारा जागतिक दिवस. त्या दिवशीं विज्ञानाच्या तासाला प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या मिठाची एक चिमूट कागदाच्या पुडींत बांधून आणावी, व पुडीवर गांवाचें अथवा पाड्याचें नांव लिहावें. घराचें नांव नको. मीठ तपासण्याचा जो लहानसा संच मिळतो, त्यांतील द्रवाचा थेंब टाकल्यावर आयोडिन असेल तर मिठास निळसर जांभळा रंग चढतो. कोणाचें मीठ पांढरेंच राहिलें तर त्यास हसूं नये. कोणत्या पाड्याच्या किती पुड्या पांढऱ्या राहिल्या, तो तक्ता पुढील अंकांत छापण्याचें संपादकांनीं कबूल केलें आहे.