नकली चाकांचा प्रश्न

जुलै 2025 मध्ये शुन्साकु तामिया हे वयाच्या 90 व्या वर्षी निधन पावले. जपानातील शिझुओका शहरच्या तामिया कंपनीची सूत्रे त्यांनी दीर्घकाळ सांभाळली. आपल्याकडील वृत्तपत्रांत या बातमीला फारशी जागा मिळाली नाही आणि त्यात नवल नाही. परंतु बिनतारी नियंत्रणाने चालणाऱ्या छोट्या मोटारींचा ज्यांना छंद आहे, त्यांना घरचे वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. 1976 साली या कंपनीने पोर्श 934 या शर्यतीच्या मोटारीची बिनतारी प्रतिकृती बाजारात आणली. पोर्शची प्रतिकृती हुबेहूब व्हावी म्हणून तामियांनी एक खरी पोर्श 911 विकत घेतली व तिचे भाग सुटे करून पाहिले, ही हकीगत छंदिष्टांत प्रसिद्ध आहे.

म्हणजे हा छंदच मुळी नकलेतून जन्मला. तेव्हा या छंदातील 'नकली' मालाविषयी बोलताना नक्कल हा शब्द शिवीसारखा वापरून भागणार नाही. प्रश्न आहे तो कोणती नक्कल चांगली आणि कोणती वाईट, हा. आज तो सर्वांत अधिक भेडसावतो तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या बाबतीत, आणि ती वस्तू म्हणजे या मोटारींची चाके.

खडकांवर सावकाश चढणाऱ्या छोट्या मोटारींना 'क्रॉलर' म्हणतात. त्यांच्यासाठी 1.9 इंची चाकाचे माप फार रूढ आहे. चांगल्या चाकात टायर गोंदाने चिकटवीत नाहीत. दोन कड्यांच्या मध्ये त्याची कड धरून बारीक स्क्रूंनी आवळतात. चाकाच्या मध्यभागी षट्कोनी खाच असते, बहुधा 12 मिलिमीटरची, आणि तिच्यातूनच आसाची फिरकी चाकाला मिळते. मोठ्या मोटारींची चाके करणाऱ्या नामांकित कारखान्यांचे नमुने कित्येक कंपन्या रीतसर परवाना घेऊन या लहान मापात करतात. अमेरिकेतील व्हँक्विश ही कंपनी मेथड आणि केएमसी यांचे नमुने असेच करते. या चाकांच्या किमतीत धातू असतो, कारागिरी असते आणि परवान्याचे पैसेही असतात.

नकली चाक यातले दिसणे तेवढे उचलते. आऱ्यांची ठेवण तीच, कड्याचा रंग तोच, कधी नावही तेच. खाच मात्र किंचित सैल असते. ती सैल असली की चाक डुगडुगते, कोपरे झिजतात आणि मग आस फिरतो पण चाक फिरत नाही. स्क्रूंची डोकी मऊ, ती दुसऱ्या खेपेलाच गुळगुळीत होतात. चाक मध्यावर नीट बसलेले नसले, तर त्याचा त्रास बेअरिंगला आणि दिशा वळविणाऱ्या छोट्या मोटरला भोगावा लागतो. चाकात वाचवलेले पैसे असे दुसऱ्या दाराने बाहेर पडतात.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की स्वस्त आणि नकली हे एक नव्हेत. स्वतःच्या नावाने विकले जाणारे साधे प्लास्टिकचे चाक नवशिक्याला पुष्कळ पुरते. ते आपण आहोत तेच सांगते. नकली चाक आपण नाही ते सांगते, आणि बिघडले तर जाब विचारायला कोणी धनी सापडत नाही.

माझा व्यवसाय गाणे शिकविण्याचा. वडील कोवळ्या वयात बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात लागले; मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. आमच्या विद्येत नकलेशिवाय पहिले पाऊलच पडत नाही. गुरूने घेतलेली जागा शिष्याने तशीच घ्यायची, एकदा नव्हे, शंभरदा. परंतु वडील नुसता गळा उचलणाऱ्याला जवळ करीत नसत. गुरू श्वास कोठे घेतो, समेवर येण्याची तयारी किती मात्रा आधीपासून करतो, हे ज्याच्या ध्यानात आले त्याची नक्कल ही तालीम, आणि ज्याने फक्त खरखर नि हातवारे उचलले त्याची नक्कल ते सोंग, असा त्यांचा हिशेब असे. तामियांनी पोर्श उघडून पाहिली ती तालीम होती. दुसऱ्याच्या चाकाचा साचा काढून खाचेचे माप न तपासणे हे सोंग आहे.

कायद्याला हा भेद करता येतो काय? युरोपात मोठ्या मोटारींच्या चाकांवरून हाच तंटा झाला. अकाशिया या इटालियन कंपनीने ऑडी आणि पोर्श यांच्या चाकांसारखी चाके काढली. 20 डिसेंबर 2017 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की, मूळ चाकासारखेच दिसणारे चाक दुरुस्तीसाठी करून विकण्यास काही अटींवर मुभा आहे. पुढे संघाने नियमच बदलले. 1 मे 2025 पासून लागू झालेल्या तरतुदींनी ही मुभा, ज्या भागाचा आकार मूळ वस्तूच्या आकाराने ठरतो अशा भागांपुरती आवळली. दोन्ही वेळी वाद दिसण्याचा होता. खाच घट्ट की सैल, हा प्रश्न रूपाच्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला जकातीची बाजू अधिक आहे. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. सुट्या भागांच्या दरांत पुन्हा पोटभेद आहेत. परदेशातून 'भेट' म्हणून फुकट माल आणण्याची वाट डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. सवलत उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राख्यांना. अमेरिकेनेही 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची माफी चीनच्या मालापुरती 2 मे 2025 रोजी आणि सर्व देशांसाठी 29 ऑगस्ट 2025 रोजी काढून घेतली. देशी कारागिराला संरक्षण हवे यात शंका नाही. पण टक्केवारीच्या जकातीचा एक स्वभाव आहे. समजा, नकली चाकांचा संच 1,000 रुपयांचा आणि अस्सल 4,000 चा. अंतर 3,000 चे. दोहोंवर 70 टक्के शुल्क बसले की ते 1,700 आणि 6,800 होतात. अंतर 5,100 वर जाते. भिंत दोघांसाठी बांधली, पण ती ओलांडताना अस्सल मालाचीच अधिक दमछाक झाली. त्यातून आडवाटेने आलेला नकली माल तर जकातीच्या तावडीतच येत नाही.

गुणवत्तेचा शिक्काही येथे अपुरा पडतो. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले, ही स्तुत्य गोष्ट होय. पण तो आदेश 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचा. छंदाच्या मोटारींच्या खोक्यांवर बहुधा 14 वर्षे व पुढील असेच छापलेले असते. तेव्हा चाकाची पारख अखेर घेणाऱ्यालाच करावी लागते. ती कठीण नाही. खाचेचे माप कॅलिपरने घ्यावे, चाक आसावर चढवून हाताने फिरवून पाहावे, स्क्रू एकदा काढून पुन्हा बसवावा. विक्रेता हे करू देत नसेल, तर उत्तर मिळालेच.

यात पैशांपेक्षा मोठी गोष्ट गुंतली आहे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या हाताने पहिले यंत्र जोडतो, तेव्हा नेमके बसणे म्हणजे काय हे त्याची बोटे शिकत असतात. सैल खाचेवर शिकलेल्या हाताला सैलपणा हाच नियम वाटू लागतो. बेसूर पेटीवर शिकलेल्या कानाचे असेच होते, आणि तो कान पुढे सुधारणे किती जड जाते हे मी रोज पाहतो.

राजकोट आणि कोल्हापूरच्या यंत्रशाळांना 12 मिलिमीटरची षट्कोनी खाच नेमकी पाडणे अवघड नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते तेथील कारागिरांनी पिढ्यानपिढ्या आपल्या नावावर वाद्ये केली म्हणून. तसे एखादे साधे, नेमक्या मापाचे, आपल्याच नावाचे चाक येथे तयार होऊन रास्त दरात मिळू लागले, तर नकली चाकांना मागणी उरणार नाही. तोवर ज्यांना अस्सल चाक परवडत नाही त्यांनी साधे चाक घ्यावे. सोंग घेतलेले घेऊ नये.