चलन एक, सत्ता अनेक : आखाताचा प्रश्न आणि निपाणीची सीमा

आखातातील अरब देशांचे एकच चलन असावे, ही कल्पना जुनी आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या आखाती सहकार्य परिषदेच्या सहा सदस्यांनी २०१० पर्यंत सामाईक चलन आणण्याचे ठरविले होते. २००३ मध्ये सीमाशुल्क संघ झाला, २००८ मध्ये सामाईक बाजारपेठही जाहीर झाली. ओमानने मात्र २००६ मध्येच या योजनेतून माघार घेतली. नियोजित मध्यवर्ती बँकेच्या पूर्वतयारीची संस्था रियाधला नेण्याचे ठरताच मे २००९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीही बाहेर पडली. सौदी अरेबिया, कुवेत, बहरीन आणि कतार या उरलेल्या चौघांनी २०१० मध्ये चलनविषयक परिषद स्थापन केली. चलन अद्याप आलेले नाही.

धर्म एक, भाषा एक, तेलाचा पैसाही मुबलक. मग अडले कोठे? याचे उत्तर शोधण्यासाठी गोव्याच्या वाचकाला फार दूर जाण्याचे कारण नाही. चोर्ला घाट ओलांडून बेळगाव आणि पुढे निपाणी गाठली तरी पुरे. चलन सामाईक असूनही सीमा कशी जिवंत राहते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तंबाखूची पेठ म्हणून नावाजलेल्या निपाणीचा व्यवहार सुमारे ४० किलोमीटरवरील कोल्हापूरशी जोडलेला होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना मराठी बोलली जात होती आणि एकच रुपया चालत होता. वाद मिटला नाही. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी व खानापूर महाराष्ट्राला द्यावे आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. रुपयाचे ऐक्य या भांडणाच्या कधी आड आले नाही आणि ते मिटवूही शकले नाही.

कोगनोळीजवळची इंधनाची खरेदी हेच सांगते. वस्तू आणि सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि नाक्यानाक्यावरच्या कर-तपासणीच्या रांगा संपल्या. परंतु पेट्रोल, डिझेल आणि मद्य त्याबाहेर राहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकाने इंधनावरील कर कमी करून लिटरमागे ७ रुपयांची सवलत दिली. महाराष्ट्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपयांची कपात केली ती जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात कागलकडच्या वाहनधारकाला टाकी कोठे भरावी हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती. जून २०२४ मध्ये कर्नाटकानेच कर वाढविला आणि हिशेब पुन्हा बदलला. गोव्यातील स्वस्त मद्य घाटमार्गे बेळगावात उतरू नये म्हणून होणारी तपासणीही याच कारणाची. चलन एक असले, तरी कर ठरविणारा हात वेगळा असला की सीमा कायम राहते.

आखातातही तेच दिसते. २०१६ च्या करारानुसार सहाही देशांनी ५ टक्के मूल्यवर्धित कर लावायचा होता. सौदी अरेबियाने तो २०२० मध्ये १५ टक्क्यांवर नेला, बहरीनने २०२२ मध्ये १० टक्के केला. कतार व कुवेत यांनी लावलेलाच नाही. उद्या एक नोट छापली, तरी हा भेद तसाच राहील.

याहून महत्त्वाचा प्रश्न निर्णयाच्या अधिकाराचा आहे, आणि आखाताने त्याचा अनुभव आपल्याच रुपयातून घेतला आहे. १९५९ पासून भारतीय रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा काढीत असे. कुवेत १९६१ मध्ये आणि बहरीन १९६५ मध्ये त्यातून बाहेर पडले. ६ जून १९६६ रोजी दिल्लीने रुपयाचे अवमूल्यन केले; डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. निर्णय दिल्लीचा, झीज मात्र दोहा आणि दुबईच्या तिजोऱ्यांची. कतार व दुबईने त्याच वर्षी स्वतःचा सामाईक रियाल काढला. तोही १९७३ मध्ये संपला. ज्या चलनाच्या निर्णयात आपला आवाज नाही, ते फार काळ खिशात ठेवू नये, हा धडा तेथील राज्यकर्ते विसरले नसावेत. २००९ मध्ये रियाधच्या नावावर झालेली नाराजी यातूनच समजते.

संस्थेचे ठिकाण हा केवळ जागेचा प्रश्न नसतो, हे बेळगावकरांना ठाऊक आहे. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी उद्घाटन झालेली सुवर्ण विधानसौध ही अधिवेशनाची इमारत आहे, तशीच ती शहरावरील हक्काची घोषणाही आहे.

भारतातील रुपया टिकतो, कारण त्यामागे एक संसद, एक रिझर्व्ह बँक आणि राज्यांना वाटा देणारा वित्त आयोग आहे. तेथेही कुरबुरी आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने कर्नाटकाचा वाटा ४.७१३ टक्क्यांवरून ३.६४७ टक्क्यांवर आणला, तेव्हा त्या राज्याच्या मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीत धरणे धरले. परंतु भांडायला एक व्यासपीठ होते. आखातात असे व्यासपीठ नाही. जून २०१७ ते जानेवारी २०२१ या काळात तर शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदीच केली होती.

आखातात राबणाऱ्या गोमंतकीय आणि सीमाभागातील तरुणांना या योजनेचा तातडीचा फरक पडणार नाही. कुवेत वगळता तेथील चलने आजही डॉलरशी बांधलेली आहेत. सीमाभागाने मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तणाव वाढताच दोन्ही राज्यांमधील बसगाड्या थांबल्या. रुपया थांबला नाही. नोट सीमा ओलांडते, विश्वास आपोआप ओलांडत नाही. तो दोन्ही सरकारांनी कमवावा लागतो, आणि ते काम न्यायालयातील तारखांवर सोडून चालणार नाही.