दोन दिवसांत समुपदेशक?

"शनिवार-रविवार या, सोमवारपासून स्पिरिच्युअल कौन्सेलर व्हा!" असली जाहिरात तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली असेल.

मित्रांनो, माझा अध्यात्माला विरोध नाही. ध्यान करा, ज्ञानेश्वरी वाचा, मानसशास्त्रही शिका. दोन्हींचा मेळ बसतोच. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिच्या मुळाशी एपिक्टेटसचं जुनं तत्त्वज्ञान आहे. तीच पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. पण त्यासाठी आयुष्य घातलं, वीकेंड नाही!

स्वतःला पोहता येणं वेगळं, बुडणाऱ्याला बाहेर काढणं वेगळं. नैराश्याने खचलेल्या पोरीला "पूर्वकर्म आहे, गोळ्या बंद कर" असं सांगितलं आणि तिने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं, तर जबाबदार कोण? सर्टिफिकेट देणारा?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. 'कौन्सेलर' ही पाटी मात्र कुणीही लावतोय.

म्हणून फी देण्याआधी तीन प्रश्न विचाराच. शिक्षण कुठे झालं? कुणाच्या देखरेखीखाली काम केलं? आणि पेशंटला डॉक्टरकडे कधी पाठवता? तिसऱ्यावर जो "गरजच पडत नाही" म्हणेल, त्याच्या दारातून चपला घालून सरळ परत फिरा.

आणि रात्री-अपरात्री जीव घाबरला तर सरकारी टेलि-मानसचा १४४१६ आहे. चोवीस तास, फुकट. हा नंबर ग्रुपवर टाका, ती जाहिरात नको.