ओल्ड नंबर वन आणि उद्यमबागेतलं बोअरिंग

बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही रेसिंग गाडी फ्रान्समधल्या ल मान्सची चोवीस तासांची शर्यत 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दोन्ही वेळा चालवायला वूल्फ बार्नाटो. पहिल्यांदा जोडीला टिम बर्किन, नंतर ग्लेन किडस्टन. 1932 साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर हीच गाडी कडेवरून बाहेर गेली आणि क्लाइव्ह डन्फी मारला गेला. तोवर तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसलं होतं. अपघातानंतर ती पुन्हा बांधली गेली, बॉडी बदलली, आणि पुढेही बदल होत राहिले.

1990 मध्ये तिचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला आणि खरेदीदार कंपनी फिरली. म्हणणं एकच, ही ती गाडीच नव्हे. लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केलं की शर्यतीच्या वेळचे भाग फार थोडे उरलेत, त्यामुळे तिला मूळ अवस्थेतली म्हणता येणार नाही. पण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नव्हता. म्हणून ओल्ड नंबर वन हीच, असा निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला.

हा निकाल मला मनापासून पटतो. बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घडतात, फाउंड्र्या आहेत, बोअरिंगचं काम होतं. जुन्या गाडीचा भाग बाजारात मिळत नाही, तेव्हा तो घडवावाच लागतो, आणि ते कसबाचं काम आहे. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं. जुना भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला, तर नवा लहान निघतो. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करून घ्यावा लागतो. असं काम लपवायचं कशाला?

पण आपला नियम लपवायलाच शिकवतो. जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. इथवर उत्तम. अट मात्र अशी की गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. या मापाने ओल्ड नंबर वन दारातूनच परत जाईल. प्रामाणिक मालक अडकतो, आणि ज्याने इंजिन बदलून जुना नंबर ठोकून घेतला तो सुटतो.

तरी असा ठोकलेला नंबर ओळखता येतो. जुन्या गाड्यांच्या पुष्कळ चेसिसवर एकेक आकडा हाताने पंच केलेला असे. आकडे जरा वरखाली बसत, एखादा खोल जाई. ओळ फार सरळ दिसली आणि भोवतालचा पत्रा घासून गुळगुळीत केलेला असला, तर जाणता फिटर आधी तिथेच बोट ठेवतो.

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक येते, तेव्हा तिचा कुठला नटबोल्ट बदलला हे कुणी विचारत नाही. घराणं तेच, गाव तेच. ज्या गाड्या हात बदलत राहिल्या, त्यांना हे भाग्य नाही. आपल्या भागात तर राज्यही बदललं. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी नोंदलेल्या गाडीची सुरुवात मुंबई राज्याच्या कागदावर झाली, पुढे म्हैसूर, मग कर्नाटक. एखादा दुवा गहाळ झाला, तर गाडी खरी असूनही संशयात येते.

नियमात फेरफाराची बंदी नको, फेरफाराची नोंद हवी. काय बदललं, कधी, कुणी, आणि काढलेला भाग कुठे आहे, एवढं आरटीओने मागावं. आणि निपाणी-चिकोडीकडे कुणाच्या शेडमध्ये अशी गाडी उभी असेल, तर जुनं आरसी बुक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, काढलेला ब्लॉक भंगारात देऊ नका, आणि ज्या मिस्त्रींनी काम केलं ते हयात असतील तर याच आठवड्यात त्यांच्याकडून तारखेसह लिहून घ्या.