वृद्धांचे मुखारोग्य व स्मृतिभ्रंश : दावा किती करावा?

वृद्ध रुग्णाची नाडी आपण पाहतो, जिव्हाही पाहतो. परंतु हिरड्या पाहतोच असे नाही. कवळी काढावयास सांगून मुख तपासणारे वैद्य तर विरळाच. दंतरोग व स्मृतिभ्रंश यांच्या संबंधाची चर्चा होत असताना ही उणीव अधिकच खटकते.

२०१९ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकातील शोधनिबंधाने या चर्चेस बळ दिले. हिरड्यांच्या रोगास कारणीभूत असणाऱ्या ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ या जिवाणूची विकरे अल्झायमरग्रस्तांच्या मेंदूत आढळल्याचे त्यात नमूद होते. मात्र ती विकरे रोखणारे औषध २०२१ मध्ये रुग्णांवरील चाचणीत मुख्य उद्दिष्ट गाठू शकले नाही. शिवाय ज्याची स्मृती ढळली, तो दात घासणेही विसरतो. त्यामुळे कारण कोणते व कार्य कोणते, हे अद्याप निश्चित झालेले नाही.

असे असता, तैलगंडूषाने स्मृतिभ्रंश टळतो असा फलक औषधालयात लावणे अनुचित होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात स्नेहगंडूषाचे गुण सांगताना हनुबल, स्वरबल, अन्नरुची व दंतदार्ढ्य यांचा उल्लेख आहे, स्मृतीचा नाही. ग्रंथकारांचा हा संयम आपण का सोडावा? मेंदूच्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेही मनाई आहे.

मात्र मुखाकडे लक्ष देण्यास अन्य सबळ कारणे आहेत. चर्वण न जमणारा वृद्ध भाकरी व उसळी सोडून चहा-बिस्किटांवर येतो आणि त्याचे बल क्षीण होते. हिरड्यांचा रोग व मधुमेह परस्परांस वाढवितात. आणि मधुमेह स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवितो, हे सर्वमान्य आहे.

तेव्हा साठी ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाचे हलणारे दात, हिरड्यांतील रक्तस्राव व मुखशोष पाहावा आणि आवश्यक तेथे दंतवैद्याकडे पाठवावे. गिळताना ठसका लागणाऱ्या किंवा सूचना न समजणाऱ्या वृद्धास गंडूष देऊ नये. तेल श्वासमार्गात जाण्याचे भय असते. हिरड्यांना औषध लावावयाचे झाल्यास घरच्या माणसाकडून हलक्या हाताने प्रतिसारण करवून घ्यावे.

औषधविक्रेत्यांकडूनही एक अपेक्षा आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी असली, तरी मशेरी लावणाऱ्या आजीबाई आपल्याकडे आजही आहेत. त्यांना मंजन देताना मशेरी सोडण्याविषयी दोन शब्द अवश्य सांगावेत. ग्राहकाचा विश्वास फलकापेक्षा अशा शब्दांनीच अधिक टिकतो.