'व्हीलमेन' गेले, 'व्हाइट' राहिले : एका सायकल-संघटनेच्या नामांतराची उलटी गोष्ट

1994 साली 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या अमेरिकेतील जुन्या सायकल-संघटनेने आपले नाव बदलून 'लीग ऑफ अमेरिकन बायसिकलिस्ट्स' असे केले. नावातला 'मेन' हा पुरुषवाचक अंश गेला. जुन्या नावाच्या चाहत्यांना हळहळ वाटली, तर इतरांना हे फार आधी व्हायला हवे होते असे वाटले. या वादात दोन्ही बाजू एका चुकीच्या शब्दावर बोट ठेवून बसल्या, असे त्या संघटनेचा इतिहास वाचताना जाणवते.

आधी जुन्या नावाला त्याचे श्रेय द्यायला हवे. 31 मे 1880 रोजी ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे ही लीग स्थापन झाली, तेव्हा रस्त्यावर उंच पुढच्या चाकाच्या सायकली होत्या आणि तीनचाकीही होत्या. 'व्हील' हा बोलीतला शब्द दोहोंना सामावून घेत असे. इंग्लंडमध्ये 1878 साली निघालेल्या 'बायसिकल टूरिंग क्लब'ला ही सोय नव्हती. तीनचाकीवाल्यांना सामावण्यासाठी त्याला 1883 मध्ये 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' व्हावे लागले. इंग्रजांनी जो 'बायसिकल' शब्द अपुरा म्हणून टाकला, तोच अमेरिकनांनी एकशे अकरा वर्षांनी सर्वसमावेशक म्हणून उचलला. नावांचा इतिहास असा खोडकर असतो.

'व्हीलमेन'चे कर्तृत्वही लहान नव्हते. मोटारी येण्यापूर्वी चांगल्या रस्त्यांची मागणी देशभर पोहोचवणाऱ्यांत ही मंडळी आघाडीवर होती. 1892 पासून त्यांचे 'गुड रोड्स' हे मासिक निघू लागले आणि 1898 च्या सुमारास सभासदसंख्या एक लाखाच्या पुढे गेली. आज अमेरिकेतील डांबरी रस्त्यांचे श्रेय मोटारीला दिले जाते. त्यातला पहिला वाटा सायकलचा आहे.

आता त्या दुसऱ्या शब्दाकडे येऊ. फेब्रुवारी 1894 मध्ये केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे लीगची राष्ट्रीय सभा भरली आणि सभासदत्व केवळ 'व्हाइट', म्हणजे गौरवर्णीय, व्यक्तींनाच मिळेल अशी दुरुस्ती घटनेत झाली. या मोहिमेचा म्होरक्या लुईव्हिलचाच विल्यम वॉट्स होता. आदल्या वर्षी असाच प्रयत्न फसला होता. दक्षिणेतील राज्यांतून सभासद वाढतील, हा या मागणीमागचा व्यवहारी हिशेब होता.

अशा ठिकाणी 'त्या काळाच्या मापाने मोजा' हा युक्तिवाद हटकून येतो. तो येथे टिकत नाही, कारण त्या काळाचे माप एकच नव्हते. मॅसॅच्युसेट्समधून या नियमाला तीव्र विरोध झाला. आदल्या वर्षी जे मंजूर होऊ शकले नाही, ते त्या युगाचे सर्वसंमत मत होते असे म्हणता येत नाही. 1894 चा निर्णय 1894 मध्येच अनेकांना चुकीचा वाटला होता. आजचा वाचक त्याला चूक म्हणतो तेव्हा तो भूतकाळावर वर्तमान लादत नाही; त्या सभेतील पराभूत बाजूशी सहमत होतो, एवढेच.

या नियमाची धार कोणाला लागली, हे किटी नॉक्सच्या गोष्टीतून कळते. बोस्टनची ही शिवणकाम करणारी तरुणी कृष्णवर्णीय पिता आणि गौरवर्णीय माता यांची मुलगी होती. ती 1893 मध्ये, म्हणजे बंदीच्या आधीच, लीगची सभासद झाली होती. स्वतः शिवलेला ब्लूमरसारखा सुटसुटीत पोशाख घालून ती सायकल चालवी. 1895 च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील ॲस्बरी पार्कच्या मेळाव्यात तिने आपले सभासदपत्र पुढे केले, तेव्हा ते नाकारले गेले असे काही वृत्तपत्रांनी छापले. काहींनी ती मेळाव्यात सन्मानाने वावरली असे लिहिले. वृत्तांतांतील ही तफावत मिटवण्याची घाई अभ्यासकाने करू नये. नियम पूर्वलक्षी नव्हता, त्यामुळे तिचे सभासदत्व शाबूत होते, एवढे मात्र निश्चित.

येथेच 1994 च्या नामांतरातील विसंगती दिसते. 'व्हीलमेन' असे पुरुषी नाव मिरवणाऱ्या संघटनेत स्त्री सभासद होऊ शकत होती. जी गोष्ट पाटीवर लिहिलेली नव्हती, तिनेच किटीसारख्या पुढच्या अर्जदारांसाठी दार बंद केले. 1899 मध्ये माँट्रियल येथे एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता ठरलेला मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटूदेखील या लीगचा सभासद होऊ शकत नव्हता.

विसाव्या शतकात लीग क्षीण झाली, बंद पडली आणि 1965 मध्ये पुन्हा उभी राहिली. 1994 मध्ये नाव बदलले. वर्णबंदीचा औपचारिक अव्हेर संचालक मंडळाने केला तो 1999 मध्ये. ती बंदी तोवर व्यवहारात मृत झाली होती हे खरे. पण मृत नियम पुसायला एका बैठकीचा ठराव पुरतो, आणि तो पाटी बदलल्यानंतर पाच वर्षांनी आला. क्रम उलटा असायला हवा होता.

म्हणून नाव बदलूच नये असे नाही. जे नाव अर्ध्या सायकलस्वारांना वगळल्यासारखे वाटते, ते परंपरेच्या नावाखाली जपण्यात अर्थ नाही, आणि 'वारसा' म्हणून त्याची बाजू घेणाऱ्यांनी त्या वारशात लुईव्हिलही मोजावे. आक्षेप आहे तो नामांतरालाच शुद्धीकरण समजण्याला. संघटनेचा स्वभाव नियमपुस्तिकेत असतो. इंग्लंडच्या क्लबने विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारवाल्यांनाही प्रवेश द्यायचे ठरवले, तेव्हा 1907 च्या निवाड्यात न्यायालयाने ते अडवले. मोटारवाल्यांपासून सायकलस्वारांचे रक्षण हाच ज्याचा एक उद्देश, तो क्लब त्यांनाच आत कसा घेणार? याच क्लबने 2016 मध्ये 'सायकलिंग यूके' हे नवे नाव धारण केले, पण कायदेशीर नाव जुनेच ठेवले. नामांतर आणि नामविस्तार यांतील फरक मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

किटी नॉक्स 1900 साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारली. केंब्रिजमधील माउंट ऑबर्न स्मशानभूमीतील तिच्या निनावी थडग्यावर तिचे नाव कोरलेली शिळा बसली ती 2013 मध्ये.